चूकभूल द्यावी घ्यावी

पुण्यात "औंधला चाललोय" म्हटलं, की समोरचा विचारतो, "परिहार चौकात आहेस का? भेटू की मग." त्याला सांगावं लागतं, ते औंध नाही. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, रहिमतपूरच्या पुढचं. जिथे डोंगरावर यमाई आहे, डोंगराच्या वाटेवर राजानं बांधलेलं संग्रहालय आहे आणि त्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं एक शिल्प एकाच छपराखाली नांदतात. एवढं सांगेपर्यंत समोरचा फोनमध्ये गेलेला असतो.

हे औंध माझं आजोळ. आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, तिथल्या भजनी मंडळात गेली पन्नास वर्षं पखवाज वाजवतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि जॅझ ऐकतो. आमच्या दोघांच्या मध्ये एक हेडफोन आहे. सुट्टीला गेलो की त्याचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं माझ्या.

जॅझ मला लागला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, आणि त्यामागे काही थोर कारण नाही. रात्री कोड लिहिताना शब्द नसलेलं काहीतरी हवं होतं आणि यूट्यूबनं आपणहून माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' लावून दिला. १९५९चा अल्बम. त्या रात्री कोड राहिला बाजूला. नंतर कळलं, की हे संगीत आपल्याकडे वाटतं तेवढं परकंही नाही. १९३५ साली मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबीचा बँड वाजत होता. ट्रम्पेट वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट तर आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांमधून घराघरात पोचला. 'अलबेला'मधलं 'शोला जो भडके' आठवा.

आबांना मी पहिल्यांदा त्याच अल्बममधलं 'सो व्हॉट' ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "वाजवतोय ब्येस. पर ह्याची सम कुठं हाय?"

मी सांगितलं, बत्तीस बारचं आवर्तन आहे, आठ-आठचे चार भाग. पहिले दोन भाग एकाच सप्तकात, आपल्या काफी थाटाचे सूर. तिसऱ्या भागात तेच सगळं अर्ध्या सुरानं वर सरकतं. चौथ्यात परत खाली. आबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आवर्तनाला त्यांची मान बरोबर जागेवर हलली. "आरं, घरी येतोय की हा."

हा लेख त्या घरी येण्याबद्दल आहे. आणि घरी यायची वाट चुकल्यावर काय करायचं, याबद्दल.

* * *

'सो व्हॉट'ची एक गोष्ट जॅझ ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. हर्बी हॅन्कॉकनं ती स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९६३ साली, तेविसाव्या वर्षी, तो माइल्सच्या बँडमध्ये पियानो वाजवायला आला. पुढे जर्मनीतल्या श्टुटगार्टला एक कार्यक्रम होता. बँड जमून आलेला, लोक खूश, 'सो व्हॉट' रंगलेलं, माइल्सचा सोलो चढत चाललेला. आणि ऐन त्या क्षणी हॅन्कॉकनं एक कॉर्ड वाजवली, साफ चुकीची. बारीकसारीक चूक नव्हे, कुणालाही कळेल अशी. त्याला वाटलं, आपण उभारलेलं सगळं आपणच पाडलं.

माइल्स क्षणभर थांबला. एक श्वास घेतला. आणि मग त्यानं असे काही सूर वाजवले, की ती चुकीची कॉर्ड बरोबर ठरली. हॅन्कॉकला तेव्हा हे कसं झालं ते कळलंच नाही. खूप वर्षांनी त्यानं त्याचा अर्थ लावला तो असा: माइल्सनं ती कॉर्ड चूक म्हणून ऐकलीच नव्हती. एक घटना म्हणून ऐकली होती. आता हे असं घडलंय, तर पुढे काय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

ही गोष्ट आता कॉर्पोरेट जगात फार फिरते. टीम मीटिंगच्या स्लाइडवर मी ती दोनदा पाहिली आहे. 'चूक अशी काही नसतेच, असते ती फक्त संधी' वगैरे. मीसुद्धा ती चार लोकांना सांगितली आहे. पण गेल्या वर्षी ऑगस्टनंतर मला ती सांगता येईना.

* * *

मी ज्या कंपनीत आहे, तिथे आमची टीम दुकानदारांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणारी यंत्रणा सांभाळते. ग्राहकाचे पैसे गेले की नाही हे बँकेकडून वेळेत कळलं नाही, तर यंत्रणा पुन्हा प्रयत्न करते. मात्र पुन्हा प्रयत्न करण्याआधी एक तपासणी हवी: पहिल्यांदाचे पैसे खरंच गेलेले नाहीत ना? हे सगळं नव्यानं लिहायचं काम टीममधल्या एका नव्या मुलाकडे होतं. त्याची ती पहिलीच नोकरी. त्यानं मला विचारलं, "सर, ही तपासणी अजून पूर्ण झालेली नाही, दोन दिवस थांबायचं का?" मी म्हणालो, "पुढच्या रिलीजला टाकू. आत्ता जाऊ दे." कोड त्याचा, मंजुरी माझी. शुक्रवारी संध्याकाळी तो लाइव्ह गेला.

त्या रात्री एका बँकेकडून उत्तरं उशिरा येऊ लागली. आमची यंत्रणा इमानदारीत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली. काही शे लोकांचे पैसे दोनदा कापले गेले. पैसे परत जायला तीन दिवस लागले. तक्रारींमध्ये एक मला अजून पाठ आहे. साडेआठ हजार रुपये दोनदा गेलेले आणि खाली एकच ओळ: उद्या मुलीची फी भरायची आहे.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर मीटिंग झाली. स्क्रीनवर तो कोड, त्याखाली त्या मुलाचं नाव. प्रश्न आला, "ही तपासणी का नव्हती?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो मुलगा म्हणाला, "सॉरी. माझ्याकडून राहिली." मी म्यूटवर होतो. म्यूटचं बटण माझ्या बोटाखाली होतं. सात-आठ सेकंद गेले असतील. मग चर्चा पुढे सरकली.

आमच्या धंद्यात 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची एक चांगली पद्धत आहे. काही बिघडलं की दोषी शोधायचा नाही, कारणं शोधायची. माणूस चुकणारच हे गृहीत धरून यंत्रणा अशी बांधायची, की एका माणसाच्या चुकीनं ती कोसळणार नाही. मला ही पद्धत मनापासून पटते. तो अहवाल मीच लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'वेळेअभावी तपासणी वगळण्यात आली.' मराठीच्या तासाला आपण प्रयोग शिकतो. कर्मणी प्रयोगाचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळलं. वगळण्यात आली. कुणी वगळली? वाक्याला कर्ताच नाही. पण कोडच्या नोंदीत कर्ता होता, आणि तो एकच होता.

त्या मुलाचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं गेलं. हेही कर्मणीच. सप्टेंबरअखेर त्यानं राजीनामा दिला. कोजागिरीच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी औंधला आलो. घरून काम करतो असं सांगितलं. खरं म्हणजे पळून आलो होतो.

* * *

अहवाल लिहिला त्या रात्री मी एला फिट्झजेराल्ड ऐकत होतो. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. 'मॅक द नाइफ' हे गाणं तिनं गायला घेतलं. मुळातलं हे गाणं जर्मन, म्हणजे समोरच्या लोकांच्या घरचंच. निम्म्यात तिला शब्द आठवेनात. पुढच्या कडव्याचे नाहीतच, त्याच्या पुढच्याचेही नाहीत. हजारो लोक समोर, रेकॉर्डिंग चालू. ती थांबली नाही आणि तिनं लपवलंही नाही. त्याच चालीत, यमक जुळवत, आपण शब्द विसरलोय हेच ती गायला लागली. मध्येच लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली, तालावर हसली, आणि बँडला बरोबर घेऊन शेवटाला पोचली. त्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं.

आजवर मी हे हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून ऐकत होतो. त्या रात्री वेगळं ऐकू आलं. तिला गाता आलं, कारण तिनं आधी सांगितलं. 'मी विसरले' हे माइकवर म्हटल्याबरोबर लपवायला काही उरलं नाही, आणि लपवण्यात जाणारी सगळी ताकद गाण्याला मिळाली. माझ्यासमोरही माइक होता. तो मी बंद ठेवला होता.

तर, चूक ही नुसती घटना असते, या हॅन्कॉकच्या वाक्याला पहिली पुरवणी जोडावी लागते. ते वाक्य कुणी कुणाबद्दल म्हणायचं? माइल्सनं ते हॅन्कॉकच्या चुकीबद्दल मानलं. म्हणजे वरिष्ठानं कनिष्ठाच्या, नेत्यानं साथीदाराच्या. हॅन्कॉक स्वतः मात्र हादरला होता, आणि त्यानं हादरायलाच हवं होतं. मी उलट केलं. स्वतःच्या चुकीला घटना म्हटलं आणि दुसऱ्याच्या नावावर ती चूक राहू दिली.

* * *

यावर एक आक्षेप येईल, तो आधीच घेतो. असं सगळ्यांना सांभाळून घेत बसलं तर तयारी कशी होणार? कडक गुरूशिवाय शिष्य घडत नाही, हे तर आपल्याकडे बाळकडूच आहे.

या बाजूनंही जॅझमध्ये एक प्रसिद्ध गोष्ट आहे. 'व्हिपलॅश' हा २०१४चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला तो भयंकर शिक्षक एक किस्सा पुन्हा पुन्हा सांगतो. चार्ली पार्कर पोरगा असताना स्टेजवर चुकला, ड्रमर जो जोन्सनं त्याच्या डोक्याच्या दिशेनं झांज फेकली, आणि त्या अपमानातून 'बर्ड' जन्माला आला. प्रत्यक्षात घडलं ते असं: कॅन्सस सिटीतला रेनो क्लब, पार्कर सोळा-सतरा वर्षांचा, वाजवता वाजवता त्याचा धागा सुटला. जोन्सनं झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. मोठा आवाज झाला, लोक हसले, पोरगा स्टेजवरून उतरला. पुढे एक उन्हाळा त्यानं गावाबाहेर, लेस्टर यंगच्या रेकॉर्डी ऐकत रियाज करण्यात घालवला आणि परत आला तो वेगळाच होऊन.

डोक्यापासून पायापर्यंतचा हा फरक सिनेमानं केला, तो एक भाग. पण गोष्ट खरी धरली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. पार्करला झांजेनं घडवलं की त्या उन्हाळ्यानं? आणि ज्यांच्या पायाशी झांज पडली आणि जे घरी गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचं काय? त्यांचे अल्बम निघत नाहीत, त्यामुळे त्यांचे किस्सेही निघत नाहीत. अपमानाच्या शाळेचा निकाल नेहमी शंभर टक्के लागतो, कारण नापास झालेल्यांची तिथे नोंदच नसते.

रियाज हवा, तपासणी हवी, शुक्रवारी संध्याकाळी अर्धवट काम लाइव्ह नेऊ नये, हे सगळं मान्य. पण कडकपणा चूक होण्याआधी कामाचा असतो. चूक होऊन गेल्यावर, चालू आवर्तनात, तो कुणाच्याच कामाचा नसतो. तिथे पुढचा सूर लागतो.

* * *

कोजागिरीच्या रात्री गावातल्या एका वाड्यात घरगुती बैठक होती. पंचवीस-तीस माणसं, चुलीवर आटणारं दूध, सतरंजीवर पखवाजवाले, तबलेवाले, भजनवाले आणि आमच्यासारखे नुसतेच. गाणाऱ्या बाई साठीच्या. तबल्यावर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मध्यलय तीनतालात चीज चालली होती. बाईंनी मुखडा धरून ठेवला आणि पोराकडे बघून मान हलवली, म्हणजे आता तू वाजव. पोरानं जोरात सुरुवात केली. तिहाई घेतली. आणि तिहाई संपली ती समेच्या एक मात्रा पुढे.

ज्यांना कळतं त्यांना कळलं. पोराचा चेहरा मी ओळखला. ऑगस्टमधल्या त्या सोमवारी स्क्रीनच्या एका छोट्या चौकोनात मी तो पाहिला होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या गात राहिल्या. पुढच्या आवर्तनात मुखडा घेऊन आल्या आणि सम ओलांडून, बरोबर एक मात्रा पुढे, जिथे पोरगा पडला होता तिथे उतरल्या. पुढच्या आवर्तनात पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मात्र बरोबर समेवर आल्या आणि तेव्हा पोराकडे बघून हसल्या. समेनंतर मुद्दाम उतरण्याला आपल्याकडे 'अतीत' म्हणतात, समेआधी उतरण्याला 'अनागत'. शास्त्रात त्यासाठी जागा आहे. बाईंनी त्या पोराच्या चुकीला शास्त्रात जागा करून दिली.

परत येताना चांदण्यात आबा म्हणाले, "पोरगं चुकलं हुतं. बाईनं सम उचलली आन त्याच्या पायापाशी नेऊन ठेवली."

जो जोन्सनं पायाशी झांज टाकली होती. मी आबांना ते सांगितलं नाही. पण हॅन्कॉकची गोष्ट मला पहिल्यांदा समजली ती त्या रात्री, श्टुटगार्टपासून हजारो मैल लांब, एका पखवाजवाल्याच्या एका वाक्यात.

आपल्या भाषेत याला 'सांभाळून घेणं' म्हणतात. भजनात एकाचा आवाज फाटला की टाळकरी जरा जोरात धरतात. नवीन सुनेला सांभाळून घ्या, नवीन पोराला सांभाळून घ्या. पण याच शब्दाला एक काळी बाजू आहे. 'प्रकरण सांभाळून घेतलं' असंही आपण म्हणतो. माझ्या अहवालातलं ते कर्मणी वाक्य म्हणजे प्रकरण सांभाळून घेणं होतं. दोन्हींत फरक काय? माझ्या मते एवढाच: बाईंनी पोराची चूक झाकली नाही. झाकायची असती तर ती मात्रा विसरून त्या पुढे गेल्या असत्या. त्यांनी ती पुन्हा गायली, दोनदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि स्वतःच्या गळ्यावर घेतली. प्रकरण सांभाळणारा चूक दिसू देत नाही. माणूस सांभाळणारा चूक दिसू देतो आणि त्या चुकीशेजारी स्वतः जाऊन उभा राहतो.

* * *

आता सगळ्यात अवघड आक्षेप, जो मला माझ्याच तक्रारपेटीतून आला. बैठकीत एक मात्रा चुकली तर कुणाचं काही जात नाही. साडेआठ हजार रुपये दोनदा जातात तेव्हा जातं. त्या माणसाला सांगायचं का, की ही चूक नाही, घटना आहे? संगीतातली उदारता आयुष्यात आणायची म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं दिलदार व्हायचं नाही का?

हा आक्षेप खरा आहे. हाना आरेंटनं १९५८च्या 'द ह्यूमन कंडिशन' या पुस्तकात त्याची एक बाजू मांडली आहे. माणसाची कृती परत फिरवता येत नाही. आमच्याकडे कोड मागे घेता येतो, पण त्या रात्रीची झोप त्या माणसाला परत देता येत नाही. या न फिरवता येण्यावर तिच्या मते एकच उपाय आहे, क्षमा. आणि क्षमेची अट अशी, की ती स्वतःची स्वतःला देता येत नाही. त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

आपण हिशेबाच्या आणि पत्राच्या शेवटी लिहायचो, चूकभूल द्यावी घ्यावी. आता नुसतं चू.भू.दे.घे. उरलंय आणि तेही इमोजीसारखं वापरलं जातं. पण मूळ शब्द नीट वाचा. चूक ही देण्याघेण्याची गोष्ट मानली आहे. ती एकट्याकडे राहू शकत नाही. आणि क्रम बघा: आधी द्यावी, मग घ्यावी. मी दिलीच नाही, तर समोरचा घेणार काय?

आणि ही देवाणघेवाण फक्त बैठकीतच होते असंही नाही. माझ्या आजोळच्याच संस्थानात ती फार मोठ्या चुकांवर करून पाहिलेली आहे. औंध संस्थान एकसंध नव्हतं. त्याचे तुकडे आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत विखुरलेले होते, त्यातलं एक आटपाडी. १९३९च्या सुमारास, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, त्यांचे चिरंजीव अप्पा पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर यांच्या प्रयत्नांतून आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' उभं राहिलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतींशिवाय राहायचे, शेती करायचे. व्ही. शांताराम यांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरून सुचला. कथा होती ग. दि. माडगूळकरांची, ज्यांचं शिक्षण याच औंध-आटपाडीच्या मुलखात झालं.

स्वतंत्रपुरात कुणी कैद्यांना 'तुमची काही चूक नव्हती' असं सांगितलं नव्हतं. शिक्षा चालूच होती. फक्त चुकलेल्या माणसाला पुढचा सूर लावायला जमीन दिली होती, अगदी खरी, नांगरायची जमीन. नुकसान खरं, जबाबदारी खरी, आणि तरीही पुढचं आवर्तन त्याचं. मला वाटतं, हा तिढा सोडवायचा असेल तर तिन्ही एकदम धरावं लागतं. मी यातलं फक्त तिसरं धरलं होतं, आणि तेही स्वतःपुरतं.

* * *

कोजागिरीनंतर पाच दिवसांनी, आश्विन वद्य पंचमीला, औंधचा संगीत महोत्सव असतो. १९४० साली अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. लहानपणी आबा मला न्यायचे आणि मी त्यांच्या मांडीवर झोपायचो, हीच माझी शास्त्रीय संगीताची पहिली तालीम.

यंदा जागा राहिलो. गाणं ऐकताना मनात सारखे येत होते ते गजाननबुवा जोशी, अंतुबुवांचे चिरंजीव. १९११ ते १९८७. गवई आणि व्हायोलिनवादक, दोन्ही तेवढ्याच तोलाचे. वडील बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे घरात अस्सल ग्वाल्हेर. तरी गजाननबुवा आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडे शिकले, जयपूर घराण्याच्या भूर्जी खाँसाहेबांकडेही शिकले. घराण्यांच्या भिंती आजच्यापेक्षा खूप उंच होत्या, त्या काळात. आज त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर तिन्ही घराणी ज्या सहजतेनं गातात, त्याचं मूळ तिथे आहे. घडलेला गवई दुसऱ्या गुरूपुढे बसतो, तेव्हा तो पुन्हा एकदा चुकायला तयार झालेला असतो. मला हे धाडस थोर वाटतं. सात वर्षांच्या नोकरीत 'मला येत नाही' हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन, मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

भूर्जी खाँचे वडील अल्लादिया खाँ. तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला. पुष्कळ काळानं परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. ती चूक 'बरोबर' झाली नाही, गेलेला गळा गेलाच. पण जो उरला त्याला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी बांधत नेली आणि तिलाच आपण आज जयपूर घराणं म्हणतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर अंतराळात गेला. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगही आहे. माझे दोन्ही देव एका रेकॉर्डवर आणि त्यातला एक धागा एका फाटलेल्या गळ्यापासून निघालेला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अहवाल उघडला. 'वगळण्यात आली' खोडलं. लिहिलं, 'तपासणी पुढे ढकलण्याचा निर्णय मी घेतला. संबंधित सहकाऱ्यानं दोन दिवस थांबण्याचं सुचवलं होतं.' वर माझं नाव टाकलं. अहवाल मॅनेजरला पाठवला, टीमला पाठवला, आणि त्या मुलाचा नंबर होता त्यावरही पाठवला.

मॅनेजरनं फोन केला. बोलणं काही सुखाचं झालं नाही. पुढच्या अप्रेझलमध्ये त्याचं काय होईल ते होईल.

मुलाचं उत्तर संध्याकाळी आलं. "थँक्यू सर. तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं."

यावर काय लिहायचं मला सुचलं नाही. बरोबरच होतं त्याचं. मी समेनंतर उतरलो होतो, तीन महिने उशिरा. त्याचं अतीत करून घ्यायचं की नाही, हे ठरवणारा मी नव्हे. ते काम साथीदाराचं असतं आणि त्याच्यावर तशी सक्ती नसते. मी एवढंच लिहिलं, "हो. चुकलो."

आबा पडवीत पखवाजाला कणीक लावत बसले होते. ताजी लावावी लागते आणि वाजवून झालं की खरवडून काढावी लागते, दर वेळी. त्यांनी एक थाप मारली, ऐकली, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप मारली. मग माझ्याकडे हात केला.

"ते घरी येणारं लाव की जरा."

मी 'सो व्हॉट' लावलं.